कप्तानाची किटली

सिंगापूर, २० जून १९९१

प्रिय आये,

तुझ्या गोमाजीचा जहाजावरून वाकून नमस्कार. सगुणा, आयेला सावकाश वाचून दाखव.

मी मजेत आहे. फिलिपाईन्सच्या ज्वालामुखीचं रेडिओवर ऐकलं असशील, पण आमचं जहाज खूप लांब होतं. म्हणजे, तसं लांबच. भरदुपारी काळोख झाला, विजा कडाडल्या आणि पावसातून राख पडली. मी एकवीरा आईचं नाव घेत बसलेलो, तेवढंच.

आये, एवढी फुकटची राख बघून मला राखेने भांडी घासणारी तूच आठवलीस. कप्तानाची चकचकीत किटली मी त्या राखेनेच घासली. अगं, ती चुलीची राख नव्हती, दगडाचा भुगा होता! मांजराने नखं मारल्यासारखे ओरखडे उठले.

कप्तान ओरडायचं सोडून हसत सुटला. म्हणाला, "अरे, ही गरम राख वर जाताना समुद्रावरची दमट हवा ओढून नेते, तिचे ढग होतात. त्या ढगात हेच कण एकमेकांना घासतात, म्हणून विजा चमकतात. आणि तू त्यांनी माझी किटली घासलीस!"

बाबांचा खोकला थांबला का? पावसाआधी होडी वर ओढली ना?

सोबत त्या राखेची पुडी आहे. भांड्यांना लावू नकोस. ढग गडगडले की तू अजून कानांवर हात ठेवतेस ना? तेव्हा ही चिमूट बोटांत चोळून बघ. कप्तान म्हणतो, आपल्या ढगांतही असेच कण घासतात, फक्त ते बर्फाचे. असल्या घासण्यालाच तू घाबरतेस, आणि हिनेच तुझ्या पोराने किटली घासली.

तुझा,
गोमाजी