कोऱ्या भिंतीवरचा तक्ता

१२ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तपासणी झाली. चिमणीच्या डाव्या डोळ्यामागच्या नसेवरची गाठ आहे तेवढीच. कापायला जावं तर नसच जाईल, म्हणून डॉक्टरांचं तेच: नजर टिकून आहे तोवर लक्ष ठेवायचं, उतरली की दर आठवड्याला सलाइनमधून औषध, वर्षभर तरी. सात वर्षांच्या पोरीला! पण आमच्या बाईसाहेबांनी नजर तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हटली. चष्मेवाल्याची नात शोभते, डॉक्टर म्हणाले.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी, म्हणजे तोवर मी तिच्या मागेमागे. ती दाराला धडकली तरी मी धावत जाते. सुट्टीत तिला तुमच्याकडे पाठवते. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

तुमची धाकटी

२ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

काल सांगायलाच फोन केला होता, पण तू हॅलो म्हणालीस आणि मी हवापाण्याचं बोललो. म्हणून हे पत्र.

रविवारी दुकानातला तक्ता पुसायला खाली काढला होता. उजवा डोळा हाताने झाकूनच चिमणी ऐटीत खुर्चीत येऊन बसली आणि वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं म्हणाली. समोर कोरी भिंत होती, बाळ. तक्ता नाही हेच तिला दिसलं नाही.

दवाखान्यातही तोच छापील तक्ता आहे. त्यावरची अक्षरं मीच तिला शिकवली, गिऱ्हाइकांपुढे मिरवली. चाळीस वर्षं माणसांना वाचताना ऐकतोय, वाचणारा अडखळतो. ही कधी अडखळली नाही आणि मी मेला कौतुक करत राहिलो. विचारलं, तर म्हणाली, दिसत नाही सांगितलं की सुया टोचतात, आणि आई रडते. कुणाला सांगू नका म्हणून गळ्यात पडली.

सांगितलं तर सुया, गप्प बसलो तर अंधार. डॉक्टरांना सांग. उद्याच सांग.

तुझा बाबा

९ मे

ती. बाबांना सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी दुसरा तक्ता लावला. डाव्या डोळ्याने वरच्या दोनच ओळी. गेलेली नजर परत येईल का, विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही, उरलेली सांभाळू. सोमवारपासून औषध.

तुमच्यावर चिडायचं ठरवलं होतं, जमलं नाही. दर तपासणीला दारामागे उभी राहून मीही ऐकतेच की तिला. मला कसं नाही कळलं?

चिमणीने मात्र तुमच्याशी कट्टी घेतली आहे. चुगलखोर म्हणते. पण सुई टोचताना धरायला हात आजोबांचाच हवा, बोलायचं मात्र नाही, अशी अट आहे. सोमवारी सकाळी आठच्या आत या.

तुमची धाकटी