सातव्या सामन्यातली हिट

९ जानेवारी २०२५, गुरुवार

मिनलने आजही हिट मारली! सलग अकरा सामने. म्हणजे माझी बरोबरी. हुडकेश्वरची एवढीशी पोर! छत्तीस वर्षं आमच्या क्रीडा मंडळाच्या सॉफ्टबॉलच्या फलकावर 'सलग हिट' या ओळीत माझं एकटीचं नाव. रविवारी बाराव्यात मारली की माझं पुसणार. आणि स्कोअर लिहायला कोण? मीच!

कोच सोनिका हसून म्हणाली, "काकू, पेन्सिल सांभाळजा बरं!"

१० जानेवारी

दिवसभर एकोणनव्वद सालच डोक्यात. ग्लोव्ह मोजकेच — डाव संपला की मैदानात टाकून यायचे, समोरच्या पोरी तेच घालायच्या. कोणाच्या घामाचा वास कोणाला! आई ओरडायची, "पोरीच्या जातीनं काय पयाचं त्या मैदानात!" आणि माझे कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करून तीच उन्हात ठेवायची.

कडुनिंबाखाली रुपराव बसायचे. तेव्हा नुसते मंडळाचे स्कोअरर — कानामागे पेन्सिल, मान खाली. आमच्या लग्नानंतर स्कोअर लिहायला त्यांनीच शिकवलं. "आपल्या फटक्यावर पहिला बेस गाठला त हिट. समोरच्याच्या हातून बॉल सुटला म्हणून गाठला त एरर. स्कोअररले नातं नसते वं."

किती सुंदर दिवस होते ते. परत हवेत मला!

१२ जानेवारी, रविवार

कामठीच्या पोरींशी सामना. मिनल दोनदा बाद. शेवटची पाळी. फटका जमिनीलगत, सरळ दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपच्या हातात — आणि तिच्याकडून सुटला! मिनल बेसवर. सगळं मैदान ओरडतंय, "हिट! हिट!"

चेंडू सोपा होता. मी एरर लिहिलं. मिनल अकरावरच राहिली.

आणि आतून बरं वाटलं मला. मेली लाज वाटली त्याची!

१३ जानेवारी

सोनिका आज मला पाहून दुसरीकडे वळली. मागून कोणीतरी म्हणालं, "काकूनं आपला रेकॉर्ड वाचवला." जिव्हारी लागलं.

मिनल मात्र जवळ आली. "काकू, एररच होता. मले मालूम आहे नं." डोळे भरलेले पोरीचे.

घरी येऊन रुपरावांना विचारलं, "तुम्हीच सांगा, चुकले का मी?" पेपरातून मान वर करेनात!

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी तिळगुळ पुढे केला. रुपराव घेईनात.

"पहिले आयक. तू बरोबर लिवलं. मीच चुकलो होतो."

"कधी?"

"एकोणनव्वदात. तुया सातव्या सामन्यात. त्या तिसऱ्या बेसवालीच्या हातून बॉल सुटला होता. एररच होता तो."

त्या दिवशीची माझी एकुलती एक हिट ती! ती गेली की साखळी तुटली. माझे सलग अकरा नाहीतच, सहाच.

"मग काहून दिली हिट?"

"तू बेसवर उभी राहून अशी हासून राहिली होती... मले एरर लिवताच नाई आलं."

साठी ओलांडलेला माणूस कानापर्यंत लाल! वर मला शिकवतात, स्कोअररले नातं नसते! इतकी चिडले की त्यांच्या वाटचा तिळगुळही मीच खाऊन टाकला.

१५ जानेवारी

पेंटरला सांगून आले. माझं नाव पुसून मिनलचं लिही. सोनिकाने कारण विचारलं. "जुना स्कोअर चुकला होता," म्हटलं. ती बिचारी ओशाळली.

आणखी एक दुरुस्ती. रुपरावांची लग्नाची मागणी मे महिन्यात आली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण सातवा सामना फेब्रुवारीत होता. मागणी तेव्हाच आली होती. मी बेसवर उभी होते आणि मलाच कळलं नाही!