मुलांच्या रकान्यात

क्लॅरी,

नात्याने तू माझा पणजोबा. पण तू चोविसाव्या वर्षी गेलास आणि मी सत्तावीसची आहे, म्हणून अरे-तुरेच करते.

महायुद्धात तू सिंगापूरच्या लढाईवर गेलास तेव्हा तुझी आयव्ही पोटुशी होती. बाळ झाल्याचं तुला कधी कळलं का, एवढंच नॅनला आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं. नॅन, म्हणजे माझी आजी, म्हणजे तेच बाळ. आता त्र्याऐंशीची आहे.

तुझी लष्करातली फाइल स्कॅन होऊन काल ऑनलाइन आली. नॅन स्वयंपाकघरात मला खेटून बसली. तुझी उंची, किडके दात, दारू प्यायल्याबद्दल भरलेला दंड, सगळं दिसत होतं.

"हे दात मलाच दिलेत बघ मेल्यानं," नॅन म्हणाली. "पुढे सरक की गं. नेट आहे का गोगलगाय?"

पुढच्या पानावर युद्धकैद्यांच्या छावणीतलं तुझं कार्ड होतं. 'मुलं' या रकान्यात तुझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'माहीत नाही'. त्यानंतर महिन्याभरात तू गेलास.

मी लॅपटॉप मिटायला लागले, तर नॅननं माझा हात धरला. मग त्या दोन शब्दांवर बोट टेकवलं.

"'नाहीत' असं नाही लिहिलं त्यानं," ती म्हणाली. "वाट बघत होता. कुणीतरी कळवायला हवं होतं गं."

म्हणून कळवते. मुलगी झाली. मार्चमध्ये, टेमोराच्या दवाखान्यात. केस तुझ्यासारखे लाल. नाव मर्ल ठेवलंय. बाळ-बाळंतीण सुखरूप.

तुझी पणती,
ब्रिडी