माळकरणीचा वाडगा

३ फेब्रु.
व्हिसा आले. कॉलनीतल्या बायकांची सहल, व्हिएतनामला. पोरानं मला न विचारता मोठीचंही नाव टाकलंय. माझी थोरली जाऊ. दोघींना एकच खोली! "आई, तुला सोबत होईल." सोबत म्हणे. तिच्या घरचा चहा मी घोटभर घेत नाय, हे घरात सगळ्यांना ठाऊक. ह्यांना म्हणलं, मी जात नाय. हे म्हणाले, जुनं किती दिवस उगाळशील? ह्यांचं काय जातंय. उपाशी गेला तो माझा बाप होता.

९ फेब्रु.
बॅग भरायला बसले आणि तेच सगळं डोक्यात. लिहूनच टाकते, म्हणजे झोप लागेल.
दुष्काळाचं साल. बिडकीनच्या बाजारात भाजीला हात लावायची सोय नव्हती, सुकट तेवढी परवडायची. टँकर मोठीच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आम्ही तिथून शेंदायचो. त्याच साली हिनं गळ्यात माळ घातली. मांस-मच्छी बंद, आणि जिभेला धार आली.
बापू कन्नडहून एसटीनं आले. लेकीला पाणी नाय म्हणून पाण्याचे कॅन घेऊन आले, म्हातारा माणूस. मी सुकट केली, भाकरी टाकल्या. बापू ताटावर बसले आणि ही दारात. "माझ्या विहिरीच्या पाण्यात मासळी शिजवतीस व्हय गं?" पातेलं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं. बापू उठले. "बस हाय माझी." एवढंच बोलले. परत माझ्या दारी आले नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात गेले.
आता शेत कारखान्यांखाली गेलं. विहीर बुजवली. दोघी शहरात, बीड बायपासला शेजारशेजारच्या बिल्डिंगीत, आणि पाणी अजून टँकरचंच. गच्चीवर भेटली की विचारते, "सुमन, बरी हायेस ना?" एकदा तरी बापूंचं नाव काढलं असतं तर...

१४ फेब्रु., होई आन
सकाळी नाश्त्याआधी बाजार. आमची गाईड लिन, पोरगी गोड, मोडकं हिंदी बोलते. म्हणाली, "धीरे धीरे चलो, जल्दी नहीं." चाललो रमतगमत. शंकूसारख्या टोप्या घातलेल्या बाया, उकिडव्या बसून पाला निवडायल्यात, अगदी आपल्या बिडकीनच्या बायांसारख्या. केळफुलं चिरून पाण्यात टाकलेली. टोपलीत जिवंत मासे फडफड करायलेत. एका बाईनं लिंबू हातात देऊन हुंगायला लावलं, विकत घ्या म्हणाली नाय. लई बरं वाटलं, खरं सांगते. पायांना घाईच नव्हती.
पुढं वळले तर सुकटीचा ढीग. कमरेएवढा. तोच वास. माझे पाय तिथंच थबकले.
मोठी मागं, पदर नाकाला. तेवढ्यात तिला पाल्याच्या गाड्यावर तुळशीसारखी पानं दिसली. "आत्ता गं बया! तुळस खातात का काय ही माणसं?" गेली तिकडं.
बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर लोक शेवया खात होते. लिनला विचारलं, इसमें क्या है? "सब्जी, टोफू. थोडा मछली का पानी. सबमें डालता है." मी म्हणलं, किसी को मत बोलना. ती हसली, तिला काय कळणार.
मोठी आली. "यात काय हाय गं? इचार तिला."
"इचारलं बाई. निस्ता भाजीपाला. सोयाबीनचं पाणी हाय."
बसली. खाल्लं. वर हिरवी पानं, खाली मासळीचं पाणी, मधी माळकरीण. माझा घास गळ्याखाली उतरेना, इतकं हसू येत होतं.

१५ फेब्रु.
आज तिनंच उठवलं. "चल की बाजारात." तीच बाई, तोच वाडगा. रस्सा पिऊन टाकला, तळाला थेंब ठेवला नाय. "लई भारी करते गं ही बाई." खा बाई, खा. पोटभर खा.
ठरलं. उद्या शेवटची सकाळ, सगळ्या बायका बाजारात असतील. तिनं वाडगा खाली ठेवला की मोठ्यानं सांगायचं. कॉलनीतल्या हरिपाठाला हीच पुढं असते. बघू दे सगळ्यांना. बापू, बघा.

१६ फेब्रु.
आजचं लिहायला नको वाटायलंय. पण लिहिते.
बायका बाजूला टोप्या घालून फोटो काढत होत्या. मोठीनं वाडगा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. मी तोंड उघडलं, "बाई, तुम्हाला माहिताय का तुम्ही काय..."
"माहिताय," म्हणाली. वर पाहिलं पण नाय. "माझं माहेर पैठणचं. गोदेच्या काठावर वाढले. मला मासळीचा वास कळत नाय व्हय?"
मी म्हणलं, "कधी कळलं?"
"पहिल्याच घासाला."
"मग खाल्लं कामून?"
"तू वाढलंस म्हणून."
मागं कोंबड्या ओरडत होत्या. ती हळूच म्हणाली, "तुझ्या बापाचं फिटलं का आता?"
तेवढ्यात बायका आल्या, "सुमनताई, मोठ्या बाई, इकडं बघा, हसा." ती हसली फोटोत. मी कशी आलेय कोण जाणे.

१७ फेब्रु., विमानात
ती शेजारी घोरायलीय. मला झोप नाय. फिटलं का म्हणे! प्रायश्चित्त म्हणून खाणारं माणूस थेंब न ठेवता पितं का? दुसऱ्या दिवशी मला उठवून नेतं का? चवीनं खाल्लंय हिनं. आणि वर बापूंच्या नावावर घातलं.
पण पहिला घास खाताना तिचा चेहरा... मी बघितलाच नाय. हसू दाबत होते.

२१ फेब्रु.
घरी. मोठी महाराजांकडं गेली आणि माळ उतरवून ठेवली. हरिपाठाला सगळ्या बायकांपुढं बोलली, "परमुलखात माझ्या हातून खाणं झालं. मी जाणून खाल्लं. कुणाचा दोष नाय." माझं नाव घेतलं नाय. कॉलनीभर कौतुक. काय मन आहे म्हणे, काय खरेपणा! लिफ्टमध्ये देशपांडे काकू मला म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंकडून शिकावं."
मायला! विहीर हिच्या नावावर, बांध हिच्या नावावर. आता मी घेतलेला सूडही हिनंच नावावर करून घेतला. आणि बापूंबद्दल एक शब्द नाय. सगळ्यांपुढं एवढं बोलली, ते पातेलं तेवढं गाळलं.

२२ फेब्रु.
हे म्हणतात, मिटलं ना, आता गप राहा. नाय मिटलं.
उद्या हरिपाठाला मी जाणार. उभी राहणार आणि सांगणार, मी खाऊ घातलं. ठरवून. आणि कामून खाऊ घातलं तेही सांगणार, बापूंचं नाव घेऊन. मग थुंकू दे कॉलनीला माझ्यावर.
आत्ता तिचा फोन आला होता. "सुमन, उद्या येतीस ना?" म्हणलं, येते. ती म्हणाली, "ये. मी तुझ्या शेजारीच बसते."