वरचा थर

अकोला, ४ डिसेंबर

प्रिय सबीहा,
स.न.वि.वि. जुईलीनं पुण्याची नोकरी सोडून वरूडला संत्र्यांचं पॅकिंग सुरू केलं, हे तुला माहीत आहेच. तिथली रीत अशी, की पेटीत लहान फळं तळाशी आणि मोठी वर. आमची मुलगी लहान फळं वर लावते! व्यापारी पेटी उघडतात आणि पुढं जातात. हा हंगाम असाच गेला तर तिला काम बंद करावं लागेल. सगळे करतात तसं कर, असं मी सांगितलं, तर म्हणाली, "आई, तळचं संत्रंही कोणाच्या तरी घरीच जातं." कॉन्व्हेंटमध्ये आपल्याला वेगळं काय शिकवलं होतं?
तुझ्या भावाचं, नईमचं फळांचं दुकान आहे, पण त्याला काही सांगू नकोस. लोभ असू दे, राग आला तर तोही कळव.
तुझी तारा

अमरावती, १३ डिसेंबर

प्रिय तारा,
सलाम. नको म्हणालीस, म्हणून लगेच सांगितलं. नईमनं पेट्या घेतल्या. डेस्क तपासायच्या दिवशी तू वह्या वर रचून खाली बोरं लपवायचीस. तुझ्या पोटी ही पोरगी आली कशी? गुडघ्यांना जप.
तुझीच सबीहा

अकोला, १८ डिसेंबर

प्रिय सबीहा,
स.न.वि.वि. बोरं तूही खायचीस. पण खरं सांग, नईमनं दया म्हणून घेतल्या का? तसं असेल तर जुईलीला सांगावं लागेल. उत्तराची वाट पाहते.
तारा

अमरावती, २ जानेवारी

प्रिय तारा,
सलाम. नईमला समोर बसवून विचारलं. म्हणाला, "आपा, पहिल्या खेपेले ताराआपाची पोरगी म्हणून घेतल्या. दुसऱ्या खेपेले गिऱ्हाइकं मांगून राहिले म्हणून." गिऱ्हाइकांनी पेटी घरी रिकामी केल्यावर खाली मोठी फळं निघाली, म्हणून तेच लोक परत आले. नईम एक पेटी तुला पाठवतो आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
सबीहा

अकोला, ९ जानेवारी

प्रिय सबीहा,
स.न.वि.वि. पहिल्या खेपेचंही जुईलीला सांगितलं. थोडी रुसली, मग दुसरीचं पुन्हा पुन्हा विचारत राहिली.
पेटी पोचली. वर लहान संत्री. शेजारच्या माणिकबाई सवयीनं तळाशी हात घालून पाहायला निघाल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "राहू द्या, जुईलीची पेटी आहे."
तुझ्या मायेची हक्कदार,
तारा