पकडलं गेलं तर ओळखायचं नाही

४ फेब्रुवारी

आज ठिपक्या पकडला गेला!

लाँड्रीच्या मागच्या आवारात एक मोडकी व्हॅन आहे. चाकं नाहीत, विटांवर उभी. ते आमचं जहाज. मी कप्तान. सुतळी खलाशी — तिचे बाबा चाव्या बनवतात, व्हॅनच्या मागच्या दाराची चावी तिनेच आणली. (सुतळी इतकी बारीक आहे की हे नाव मीच ठेवलं. तिला राग येत नाही.) आणि माझा भाऊ ठिपक्या, वय सहा, टेहळणीवर. आई लाँड्रीत इस्त्री करत असते तोवर आम्ही भर समुद्रात.

तर लाँड्रीचा मॅनेजर आला. मी आणि सुतळी पुढच्या खिडकीतून पसार. ठिपक्याचे पाय आखूड, तो राहिला. मॅनेजरने कान धरून बाहेर काढला. मी नळाजवळ उभी, त्या गावचीच नाही असं तोंड करून. मॅनेजर म्हणाला, ही होती ना तुझ्याबरोबर? ठिपक्याचा कान टोमॅटोसारखा लाल. माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "मी नाही ओळखत हिला."

मॅनेजर आम्हा दोघांना जन्मापासून बघतोय! त्यालाच हसू फुटलं, कान सोडला.

हा आमचा नियम तिसरा. पकडलं गेलं तर एकमेकांना ओळखायचं नाही. कप्तानाने तीन शिट्ट्या मारल्या की नियम उठतो, त्याआधी नाही. मी विसरले तर हा शहाणा जिन्यात सगळ्यात खालच्या पायरीवर वेगळा बसून राहिला! शिट्ट्या मारल्या तसा धावत येऊन पोटाला चिकटला. पदक दिलं — बाबांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण.

९ फेब्रुवारी

आई-बाबांचं परत सुरू. या वेळी हळू आवाजात. ते जास्त वाईट असतं.

बाबा बस चालवतात. त्यांनी बदली मागून घेतली, लांबच्या डेपोत. आई म्हणाली, खुशाल जा. मग बाबा म्हणाले, मुलाला मी घेऊन जाईन. आई म्हणाली, ते कोर्ट ठरवेल.

ठिपक्याने विचारलं, बदली म्हणजे काय? म्हटलं, बस बदलतात. त्याला पटलं. मला रडू येत होतं म्हणून त्याच्यावरच खेकसले.

११ फेब्रुवारी

बाबा आता डेपोतल्या मित्राकडे राहतात. दाढीचा ब्रश इथेच राहिला.

सुतळीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग जहाज घेऊन निघू. म्हटलं, अगं चाकं कुठे आहेत? म्हणाली, जहाजाला कशाला लागतात चाकं? तिचं काही चूक नव्हतं. बेटाचा नकाशा काढला. बेटावर एकच खोली, सगळे त्यातच. ठिपक्याने खोलीला दार काढलं नाही. म्हणाला, दार असलं की कोणीतरी जातं.

१८ फेब्रुवारी

कोर्टातल्या मॅडम आम्हाला भेटणार आहेत. कोण कुणाकडे राहील ते त्या लिहून देणार. आई म्हणते, जे खरं ते सांगा. खरं! म्हणजे जहाज सांगायचं, बेट सांगायचं, आणि झालं, सगळ्यावर पाणी.

मी ठरवलं. त्या शत्रूच्या गोटातल्या आहेत. नियम तिसरा लागू. ठिपक्याला तीनदा बजावलं. तो म्हणाला, "पडलो तरी?" म्हटलं, पडलास तरी.

२१ फेब्रुवारी

काय खेळला पोरगा! काय खेळला!

खोलीत बुटक्या खुर्च्या, ठोकळे, डोळे निघालेली एक बाहुली. मॅडम वहीत लिहीत बसल्या. ठिपक्या एका टोकाला, मी दुसऱ्या. त्यांनी विचारलं, कुणाबरोबर खेळतोस? एकटाच. गोष्टी कोण सांगतं? कोणी नाही. ताई? त्याने खांदे उडवले. मी मूग गिळून पुस्तकात.

मग ठोकळ्यावरून पाय घसरला आणि तो टेबलाच्या कडेवर आपटला. ओठ फुटला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पान उलटलं. मॅडमनीच उचलून घेतलं त्याला. रडला नाही! नंतर एकदाही माझ्याकडे वळला नाही. बक्षीस द्यायला हवं त्याला. दुसरं बटण शोधायला हवं.

बसमधून येताना शिट्टी मारणार होते. मग विचार केला, निकाल लागेपर्यंत शत्रूचा काय भरवसा? नियम चालू राहू दे.

२३ फेब्रुवारी

ठिपक्या जेवायला माझ्या शेजारी बसत नाही. सांगितलं ते तंतोतंत करतो. मला जाम हसू येतं.

दुपारी मी गृहपाठ करत होते. हळूच येऊन बाहीला हात लावला. "ताई, आता?"

मी म्हटलं, "कोण आपण? मी नाही ओळखत."

जरा वेळ उभा राहिला आणि गेला.

२४ फेब्रुवारी

बाबा ठिपक्याला आठवडाभर घेऊन गेले. मॅडमची परवानगी आहे म्हणे. मी शाळेत होते.

२८ फेब्रुवारी

कागद आला. आईने लाँड्रीतच, धुतलेल्या चादरींच्या ढिगाजवळ उभ्या उभ्या वाचला. मी तिच्या कोपराखालून वाचला. मुलीने आईकडे राहावे. मुलाने वडिलांकडे. आणि मग हे वाक्य, मी तसंच उतरवते आहे — "भावंडांमध्ये विशेष जवळीक आढळली नाही, वेगळे राहिल्यास त्यांना त्रास होईल असे वाटत नाही."

चार वेळा वाचलं. मग आईला सगळं सांगून टाकलं. जहाज, बेट, नियम, ओठ, पान उलटलं ते. वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती चादरींवर बसली आणि एवढंच म्हणाली, "त्याला एकट्याला झोप लागत नाही गं."

१ मार्च

मॅडमकडे गेलो. मी सगळं सांगितलं, शपथ घेतली, नकाशासुद्धा दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. वाईट नाहीत त्या, हेच तर वाईट आहे. सगळं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं आणि मला विचारलं, "बाळा, हे असं सांगायला तुला कोणी शिकवलं?"

आईचा चेहरा पांढरा पडला.

कागद पुढे गेला आहे. सहा महिन्यांनी परत बघू म्हणाल्या. तोवर महिन्यातून एकदा भेट. सहा महिन्यांत ठिपक्याचे पुढचे दात येतील.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी केलं. दुसऱ्या कोणी नाही.

३ मार्च

बाबा त्याचे कपडे न्यायला आले, त्यालाही घेऊन. मी जहाजात जाऊन आतून कुलूप लावलं. मला वाटलं — काय वाटलं ते लिहायची लाज वाटते — वाटलं कप्तान आला नाही तर कोणी निघू शकत नाही.

आई हाका मारत होती. सुतळी दार वाजवून वाजवून थकली. मी काचेच्या फटीतून बघत होते. ठिपक्या आवारात आला, व्हॅनपासून चार पावलांवर थांबला. पाठीवर दप्तर. दाराकडे बघत राहिला. मी खाली वाकले. मला रडताना कोणी बघितलेलं आवडत नाही.

परत डोकं वर काढलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं.

६ मार्च

सुतळी तीन दिवस बोलली नाही. आज आली ती सरळ विचारतच, "शिट्ट्या मारल्यास का?"

नाही. मारल्याच नाहीत! म्हणजे नियम अजून चालू आहे. बटाट्याएवढं पोर तिकडे परक्या गावात अजून नियम पाळत बसलंय.

सुतळी म्हणाली, "तू कप्तान आहेस का मॅनेजर?" आणि चावी माझ्या हातात ठेवून गेली. तिचं बरोबर आहे. मॅनेजरने निदान कान सोडला होता.

९ मार्च

बाबांना फोन केला. ठिपक्या फोनवर येत नाही. बाबा म्हणाले, "म्हणतो, मी नाही ओळखत तिला. भांडलात का तुम्ही?" म्हटलं, त्याला सांगा नियम उठला. बाबा म्हणाले, कसला नियम? आता पुरे झाले खेळ.

मग मी फोनमध्येच शिट्ट्या मारल्या. पहिलीलाच बाबा ओरडले, कान फुटला माझा! आणि फोन ठेवला.

१० मार्च

आता शाळेत कोणी शिट्टी मारली तरी मला ओकारी आल्यासारखं होतं.

१४ मार्च

सुतळी आली. काही न बोलता व्हॅन झाडायला लागली. मीही लागले. टेहळणीच्या जागी ठिपक्याचा एक मोजा सापडला. सुतळीने जहाजाच्या चावीसारखीच दुसरी चावी करून आणली होती, त्याच्यासाठी. भेटीला ने म्हणाली.

ती माझी मैत्रीण का राहिली आहे मला कळत नाही. विचारलं तर म्हणाली, जहाजावर दुसरं कोण आहे?

२२ मार्च

भेट. तीच खोली, त्याच बुटक्या खुर्च्या. ठिपक्याचे केस कोणीतरी फार बारीक कापलेत. तो त्या टोकाला जाऊन बसला, पाठ करून, मुठीत बटण. मॅडम होत्या, बाबा होते, तरी मी उभी राहिले आणि मारल्या. एक, दोन, तीन. तिसरी नीट निघाली नाही.

तो वळला. मी हात पसरले. तो धावत आला नाही. जागेवरूनच, हळू, मोठ्या माणसाला विचारावं तसं त्याने विचारलं, "म्हणजे आता तू मला ओळखतेस?"