दोनशे सोळा आवतनं

११ एप्रिल
गुडघे गेले. वर्षाराणीच्या लग्नाचं आवतन द्यायला दारोदार कोण फिरणार? नवरी म्हंजे माझी नातच. ती म्हणे, "आजी, तू बस. कॉम्प्युटरवर चार ओळींचा प्रोग्राम लिहिते, सगळ्यांना मेसेज जातो." चार ओळीत दोनशे सोळा घरं! आम्ही उन्हातान्हात पाय झिजवले ते येडेच म्हणायचे.
हे लिहून घेणारी बी तीच. तोंड वाकडं करती, पण लिहिती.

१२ एप्रिल
सुनेनं, रेणुकानं विषय काढला — "देगलूरच्या मावशी येतील का?" मावशी म्हणजे माझी पाठची बहीण, तारामती. नऊ वर्षं झाली, इथं भोकरात आमच्या घरी तिचं पाऊल न्हाई. आमच्या वास्तुशांतीची पत्रिका मी एसटीच्या कंडक्टरच्या हातानं धाडली होती. सख्ख्या बहिणीनं दारात येऊन कुंकू लावून सांगायचं असतं म्हणे. महाराणी. कंडक्टर निदान जिता माणूस होता. आता मशीन बोलावणार, मग तर येणारच ती.
वर्षाराणी म्हणाली, त्या आजीबिगर मी हळदीला बसत न्हाई. नको बसू, म्हणलं. चहा दोनदा गार झाला.

१५ एप्रिल
पाहुण्यांचे नंबर फक्त माझ्याच फोनात. प्रोग्रामनं तिथूनच उचलले — नावंबी. पोरीनं बटन दाबलं. "गेले." चहा गाळायला याच्यापेक्षा येळ लागतो.

१५ एप्रिल, दुपारी
गोंधळ. मला वाचता येत न्हाई, म्हणून फोन वाजला की तो नाव बोलतो. नावं मी माझ्या सोयीनं भरून घेतलेली, ज्याला जसं ओळखते तसं. प्रोग्रामनं तीच लावली. पुतण्या शेषेरावला गेलं — "आदरणीय बाताड्या, सहकुटुंब यावे." हिमायतनगरच्या अमृतरावांना — "आदरणीय फुकट्या." सुनेच्या आईला — "आदरणीय कानफुकी." सून माझ्याशी बोलून न्हाई राहिली.

१६ एप्रिल
शेषेरावचा फोन. "काकू, मी कवा बाता मारल्या?" हे एक तास सांगून राहिला. अमृतराव म्हणे, येतो, पण जेवणार न्हाई. बघू.
सुनेनं अबोला सोडला तो नेमका विचारायला — "मावशीला काय नावानं गेलं?" आठवत न्हाई, म्हणलं. वर्षाराणी यादी उघडायला लागली, तिचा हात धरला. तारामतीला मी नऊ वर्षं काय काय म्हणले, ते या घराला पाठ हाय.
तू बी विचारू नको. लिही.

१८ एप्रिल
देगलूरहून काही न्हाई. फोन वाजला की मीच आधी उठते, गुडघे असून.

१९ एप्रिल
तारामती आली. उंबऱ्यातच मोबाइल सुनेपुढं धरला. "वाच गं, मला दिसतंय तेच हाय का?"
रेणुकानं वाचलं — "आदरणीय माझी तारू, सहकुटुंब यावे."
मी भिंतीकडं बघत बसले.
"एवढं सांगायला मशीन लागलं व्हय गं अक्का तुला?"
वर्षाराणी, बास. लिहू नको पुढं.